सिंधी, सिंध आणि झूलेलाल: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

माझी आई कल्याणची मराठी, बाबा उल्हासनगरचे सिंधी. शाळा मराठी माध्यमाची झाली त्यामुळे डोक्यात विचार मराठीतच येतात. पण आडनाव सांगितलं की समोरचा माणूस लगेच हिंदीवर जातो, मी मराठीतच बोलत राहते, मग त्याला आश्चर्य वाटतं आणि तिथून प्रश्न सुरू होतात. ऑफिसात, लग्नात, पोराच्या शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे तेच तेच प्रश्न. म्हणून एकदा बसून सगळं एका जागी लिहून काढलं. माझी दादी, म्हणजे बाबांची आई, सिंधमधल्या हैदराबादची, १९४८ ला ती बारा वर्षांची होती, तिच्या तोंडून ऐकलेलं बरंच यात आहे. बाकीचं वाचून आणि उल्हासनगरच्या कॅम्पातल्या म्हाताऱ्या लोकांना विचारून गोळा केलंय.

सिंधी म्हणजे नेमके कुठले?

सिंध प्रांतातले. सिंधू नदी खाली येऊन समुद्राला मिळते तो सगळा पट्टा, आज पाकिस्तानात आहे. कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर, लाडकाणा, ठठ्ठा ही तिथली शहरं. हैदराबाद म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना चारमिनार आठवतो, ते दख्खनचं, हे वेगळं.

मराठी लोकांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगते, सिंध आणि महाराष्ट्राचा मोठा भाग जवळजवळ नव्वद वर्षं एकाच राज्यात होते. इंग्रजांनी १८४३ ला सिंध जिंकला, १८४७ ला मुंबई इलाख्याला जोडला आणि १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत झाला. कराचीच्या कॉलेजातली मुलं मुंबई युनिव्हर्सिटीच्या परीक्षा द्यायची. कराचीत आजही एन. जे. व्ही. नावाची शाळा आहे, १८५५ ची, सिंधमधली पहिली सरकारी शाळा, आणि ते नाव नारायण जगन्नाथ वैद्य ह्या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं, की बघ, आम्ही इकडे यायच्या आधी तुमचे लोक आमच्याकडे पोचले होते.

फाळणीत पंजाबसारख्या कत्तली सिंधमध्ये पण झाल्या का?

पंजाबच्या मानानं खूप कमी, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण सिंधी लोकांच्या आठवणी त्यामुळे वेगळ्या आहेत. १९४७ च्या ऑगस्टमध्ये बऱ्याच सिंधी हिंदूंना वाटत होतं की आपण इथेच राहू, सरकार बदललं तर बदललं, राजे आधीही बदललेत. दादीच्या वडिलांनी तर त्या वर्षी दुकानाला नवीन फळ्या ठोकून घेतल्या होत्या.

मग उत्तर प्रदेश, बिहार, अजमेर अशा ठिकाणांहून मुहाजिर, म्हणजे इकडून तिकडे गेलेले मुसलमान, कराची आणि हैदराबादेत यायला लागले. तेही बिचारे सगळं गमावून आलेले, त्यांना डोक्यावर छप्पर पाहिजे होतं, आणि शहरांमधली चांगली घरं बहुतेक हिंदूंची. डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबादेत दंगल झाली, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत मोठी लुटालूट आणि खून झाले, गुरुद्वाऱ्यात आसरा घेतलेल्या शिखांवर हल्ला झाला, आणि त्या दिवसानंतर कुणी थांबायला तयार नव्हतं. १९४१ च्या खानेसुमारीत सिंधमध्ये साधारण चौथा हिस्सा हिंदू होते, बारा लाखांच्या आसपास, त्यातले शहरातले बहुतेक वर्षा-दोन वर्षांत निघाले.

दादी नेहमी म्हणायची की आम्हाला शेजाऱ्यांनी हाकललं नाही. शेजारची मुसलमान बाई स्टेशनपर्यंत सोडायला आली होती आणि रडत होती. त्यामुळे तिचा राग कुणा एका माणसावर नव्हताच कधी, नुसतं दुःख होतं, आणि राग काढायला माणूस नसला की ते दुःख जास्त वर्षं टिकतं असं मला तिच्याकडे बघून वाटायचं.

पंजाब-बंगाल अर्धे अर्धे वाटले, मग सिंधचा एक तुकडा का नाही मिळाला?

हिंदू लोक जास्त करून शहरांमध्ये होते आणि शहरं विखुरलेली होती. तोडून भारताला जोडता येईल असा सलग मोठा हिंदूबहुल पट्टा नव्हता. म्हणून अख्खा प्रांत तिकडे गेला. ह्याचा परिणाम आजपर्यंत भोगतो आहोत. पंजाबी माणसाला पंजाब नावाचं राज्य आहे, बंगाल्याला बंगाल आहे, तिथे त्याच्या भाषेत दुकानाच्या पाट्या आहेत, शाळा आहेत, आमदार त्या भाषेत भाषण करतो. सिंधी माणसाला भारतात गाव नाही, त्याच्या भाषेचं राज्य नाही. पुढचे सगळे प्रश्न, भाषेचा, धर्माचा, लिपीचा, ह्या एका गोष्टीतून निघतात.

मग एवढे लोक महाराष्ट्रातच का आले?

वर सांगितलं तसं मुंबई ओळखीची होती. व्यापार इथे, कोर्टकचेरी इथे, परीक्षा इथल्या, आणि कराचीहून मुंबईला बोट होती. दुसरा रस्ता रेल्वेचा, हैदराबादहून खोखरापार-मुनाबाव करून जोधपूरला, त्यानं आलेले लोक राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशात पसरले.

दादी बोटीनं आली. तिच्या आईनं बोट सुटताना कठड्यावरून मूठभर तांदूळ आणि साखर समुद्रात सोडली. ह्याला आमच्यात अखो म्हणतात, खरं तर तो नदीत घालायचा असतो, दर्याशाहला, म्हणजे नदीच्या देवाला, पण त्या दिवशी समोर समुद्रच होता. दादीला सगळा प्रवास पुसट आठवायचा, उलट्या आठवायच्या, गर्दी आठवायची, पण आईची ती मूठ एकदम स्वच्छ आठवायची.

उल्हासनगरला लोक "कॅम्प" का म्हणतात?

कारण ते खरंच कॅम्प होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणपासून पाचेक किलोमीटरवर लष्करानं सैनिकांसाठी पाच छावण्या बांधल्या होत्या, कौलारू बराकी. युद्ध संपल्यावर त्या रिकाम्या पडल्या, आणि तिथे नव्वद हजारांच्या वर निर्वासित आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. पण आजही कुणी उल्हासनगर नाही म्हणत, कॅम्प एक, कॅम्प दोन, असं पाचपर्यंत. पत्त्यात अजून बॅरॅक नंबर आणि रूम नंबर लिहितात, जरी तिथे आता पाच मजली बिल्डिंग असली तरी.

एका बराकीत मधे गोणपाट लावून कुटुंबं राहायची. दादीचे वडील हैदराबादेत गादीवर बसणारे व्यापारी, ते इथे लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे. आजोबांची तऱ्हा वेगळी, त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट बऱ्याच सिंधी घरांत सांगतात, की साखरेचं पोतं ज्या भावात आणलं त्याच भावात सुटं विकायचं आणि रिकामं पोतं विकून जे येईल तो नफा. गिऱ्हाईक तर यायलाच पाहिजे, कारण दुसरीकडे एवढं स्वस्त मिळतच नाही. जुन्या दुकानदारांना हे आवडलं नाही हे साहजिक आहे, त्यांचं गणित बिघडलं. पण ह्यांच्यासमोर रात्रीच्या जेवणाचा प्रश्न होता.

उल्हासनगर सोडून अजून कुठे आहेत?

चेंबूर, मुलुंड, पुण्याजवळ पिंपरी, नागपूरचा जरीपटका, जळगाव, अमरावती, देवळाली. पण मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची. तिथे वळिवडे गावात युद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८, हजारो पोलिश बायका-मुलं तिथे राहिली, आणि ते गेल्यावर त्याच छावणीत सिंधमधून आलेले लोक आले. एकाच जागेनं पाठोपाठ दोन देशांचे बेघर लोक सांभाळले. आज ते गांधीनगर म्हणजे कपड्याचं केवढं मोठं होलसेल मार्केट आहे, लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या जिल्ह्यांतून लोक जातात आणि तिथला सिंधी दुकानदार कोल्हापुरी मराठी असं काही बोलतो की ऐकत बसावं.

महाराष्ट्राबाहेर कच्छमधलं गांधीधाम. तिथे कच्छच्या महारावांनी १५,००० एकर जमीन दिली आणि भाई प्रताप यांनी लोकांना घेऊन नवीन शहरच वसवलं. भोपाळचं बैरागढ, अहमदाबाद, जयपूर, अजमेर, इंदूर, रायपूर, यादी खूप मोठी आहे.

आणि कॉलेजं! जय हिंद कॉलेज १९४८ ला कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी सुरू केलं. वांद्र्याचं नॅशनल कॉलेज तर आधी सिंधमधल्या हैदराबादेत होतं, १९२२ पासून, ते १९४९ मध्ये वांद्र्याला आलं. अंगावरच्या कपड्यांवर आलेल्या लोकांनी दोन-चार वर्षांत कॉलेज उभं करायला घेतलं ह्याचा मला प्रचंड अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तुम्ही हिंदू की शीख? घरात गुरू नानकांचा फोटो आणि गणपती दोन्ही कसे?

हा एक नंबरचा प्रश्न.

बहुतेक भारतीय सिंधी हिंदू आहेत, आणि त्यातले खूप जण नानकपंथी आहेत, म्हणजे गुरू नानकांना मानणारे, गुरू ग्रंथ साहिब वाचणारे, पण केस-दाढी न ठेवणारे. सिंधमध्ये ह्यांची पूजेची जागा म्हणजे टिकाणा. तिथे मधोमध ग्रंथ साहिब, बाजूला राम-कृष्ण, शंकर, झूलेलाल, भिंतीवर एखाद्या संताचा फोटो. आमच्या घरी लग्नं अग्नीभोवती फेरे घेऊन झाली, माझ्या आत्याच्या सासरी ग्रंथ साहिबभोवती लावां घेतल्या, दोन्ही लग्नांत तेच पाहुणे आणि कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

सिंधमध्ये ब्राह्मण कमी होते आणि त्यांचा धाक त्याहून कमी. मुसलमान राजवट शेकडो वर्षं, आजूबाजूला सूफींचे दर्गे, वरून पंजाबातून आलेले उदासी, म्हणजे गुरू नानकांच्या मुलाच्या पंथातले साधू. सक्करला सिंधूच्या मधोमध बेटावर साधबेलो नावाचं उदासी पंथाचं देवस्थान आहे, अजूनही. अशा ठिकाणी माणूस एका रकान्यात मावत नाही. हिंदू घराण्यांचे पीर मुसलमान असायचे, शाह अब्दुल लतीफ भिटाईंचे बैत, म्हणजे पदं, हिंदू बायका दळताना म्हणायच्या. शाह, सचल सरमस्त आणि सामी हे सिंधी कवितेतले तीन मोठे, पहिले दोघे मुसलमान सूफी, तिसरे वेदान्त सांगणारे हिंदू, आणि शाळेत तिघं एकत्र शिकवतात.

भारतात आल्यावर मात्र रकाने भरायची वेळ आली. फॉर्मवर धर्म लिहा, शाळेत जात लिहा, शेजारी विचारतात तुमचा देव कुठला. हळूहळू लोक इथल्या पद्धतीत शिरले, गणपती बसवायला लागले, वैष्णोदेवीला जायला लागले, सूफी बाजू मागे पडली. दुसऱ्या बाजूनं पण ओढ आहेच. जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला काही निहंग, म्हणजे शस्त्र बाळगणारे शीख, आणि इतर शीख मंडळींनी हरकत घेतली, की सिंधी टिकाण्यांमध्ये ग्रंथ साहिबची मर्यादा पाळली जात नाही, मूर्तींशेजारी ठेवतात, आणि मग तिथल्या सिंधी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले ग्रंथ गुरुद्वाऱ्यात नेऊन दिले. मर्यादेचा मुद्दा शीख माणसाच्या दृष्टीनं खरा आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. पण डोक्यावर ग्रंथ घेऊन चालणारे ते म्हातारे लोक व्हिडिओत बघितले आणि मला दादीचा टिकाणा आठवला, रडू आलं. फाळणीत घरदार सोडताना काही घरांनी दागिने ठेवून ग्रंथ उचलला होता.

झूलेलाल कोण? माशावर बसलेले दाढीवाले बाबा?

हो तेच. कथा अशी की ठठ्ठ्याच्या मिरखशाह बादशहानं हिंदूंना फर्मान काढलं, धर्म बदला नाहीतर मरा. लोक सिंधूकाठी चाळीस दिवस उपास करून बसले. मग नदीतून आवाज आला की नसरपुरात रतनराय आणि देवकीच्या पोटी मी जन्म घेतोय. चैत्र महिन्यात, विक्रम संवत १००७ मध्ये बाळ जन्मलं, उदेरोलाल, आणि पाळणा आपोआप झुलायचा म्हणून झूलेलाल. पुढे त्यांनी मिरखशाहाला आपलं रूप दाखवलं आणि तो शरण आला. मला कथेतली आवडणारी गोष्ट ही की शेवटी बादशहा मारला जात नाही, त्याला कळतं.

ते पाण्याचे देव, वरुणाचा अवतार. पल्ला मासा नदीत प्रवाहाच्या उलट पोहत वर जातो, त्याच्यावर ते बसतात. आणि सिंधमध्ये उदेरोलाल गावात त्यांचं जे ठिकाण आहे तिथे एकाच वास्तूत हिंदूंचं मंदिर आणि मुसलमानांचा दर्गा, हिंदू त्यांना उदेरोलाल म्हणतात, मुसलमान शेख ताहिर, आणि जिंदा पीर हे नाव दोघांच्या तोंडी असतं.

आता एक गोष्ट जी सिंधी लोकांनाही बऱ्याचदा माहीत नसते. सिंधमध्ये असताना झूलेलाल हे सगळ्या सिंधी हिंदूंचे मुख्य देव नव्हते. दर्यापंथी त्यांना मानायचे, नदीवर पोट असलेले लोक मानायचे, पण बाकीच्यांचे आपापले गुरू, पीर, देवी. फाळणीनंतर, जेव्हा लोक दहा राज्यांत विखुरले, तेव्हा सगळ्यांना बांधेल असं काहीतरी पाहिजे होतं, आणि प्रा. राम पंजवाणी यांच्यासारख्या लेखक-गायकांनी गावोगाव फिरून, मटका वाजवत गाणी म्हणून, झूलेलाल आणि चेटीचंड घराघरात नेले. नदी मागे राहिली आणि नदीचा देव तेवढा बरोबर आला. म्हणून कुणी मला म्हणालं की तुमची परंपरा "नंतर बनवलेली" आहे, तर मी म्हणते की हो, पाळणा जुना, दोरी नवीन, आणि ती दोरी आमच्याच माणसांनी वळलीय.

पण "झूलेलाल" तर त्या फेमस "दमादम मस्त कलंदर" कव्वालीत पण आहे ना?

ती सेहवणच्या लाल शहबाज कलंदर ह्या सूफी संतांसाठी आहे. सेहवण सिंधमध्येच, त्यांच्या दर्ग्यातल्या विधींमध्ये हिंदू घराण्यांचाही मान होता. दोन्ही लाल, दोघांनाही झूलेलाल म्हणतात, आणि गाणाऱ्याच्या मनात नेमका कुठला लाल असतो हे सिंधी माणसानं कधी फार तपासलं नाही.

चेटीचंड म्हणजे गुढीपाडवाच का?

जवळजवळ. चैत्राचा चंद्र दिसतो तो दिवस, चेट म्हणजे चैत्र. कधी पाडव्याच्याच दिवशी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. आमच्या घरात सकाळी आईची गुढी आणि संध्याकाळी बाबांची ज्योत, लहानपणी मला वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं. ज्योत कणकेची, पाच वाती, ताटात खडीसाखर, वेलची, फळं, तांब्याचा कलश, ह्या सगळ्याला बहराणा साहिब म्हणतात. तो वाजतगाजत नदीवर किंवा तळ्यावर न्यायचा, काठ्या घेऊन छेज नाचायची, शेवटी पल्लव, म्हणजे पदर पसरून मागणं मागायचं, सगळ्यांसाठी. मग ज्योत पाण्यात सोडायची.

उन्हाळा संपला की चालिहो येतो, चाळीस दिवसांचं व्रत, त्या नदीकाठच्या चाळीस दिवसांची आठवण. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये चालिहा मंदिर आहे, त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. श्रावणात थदरी, तेव्हा चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे गोड लोले खायचे, आपल्या शिळा सप्तमीसारखंच.

सिंध्यांमध्ये जाती नसतात हे खरंय?

नसतात असं नाही, पण वेगळ्या आहेत. बहुतेक लोहाणा, त्यात आमील आणि भाईबंद. आमील म्हणजे कल्होडा आणि तालपूर राजवटीत फारसी शिकून दरबारात नोकरी करणारे, पुढे वकील, डॉक्टर, प्रोफेसर झालेले. भाईबंद म्हणजे व्यापारी. आमील स्वतःला वरचे समजायचे आणि मुलगी भाईबंदांत द्यायला नाखूश असायचे, ह्यावरून आमच्याच खानदानात एक लग्न अडलं होतं. शिवाय गावावरून ओळख, शिकारपुरी, हैदराबादी, साहिती, बलुचिस्तानातून आलेले भागनारी. ठाकूर म्हणजे झूलेलालचे पुजारी. अस्पृश्यता इकडच्याएवढी कडक नव्हती असं घरातले म्हणतात, पण थरपारकरच्या कोल्ही, मेघवाड, भिल्लांना हे विचारलं तर ते वेगळं सांगतील असं मला वाटतं.

आडनावातलं "आणी" म्हणजे वंशज, पूर्वजाच्या नावाला जोडलेलं.

हिंदू असून मटण-मासे कसे काय खातात?

जसे कोकणातले खातात तसे. सिंधमध्ये पल्ला म्हणजे जीव की प्राण. इथे आल्यावर शेजार, सोसायट्या आणि सत्संग, विशेषतः पुण्याच्या साधू वासवानींचा प्रभाव, त्यामुळे बरीच घरं शाकाहारी झाली. त्यांचा जन्मदिवस २५ नोव्हेंबर, तो मांसाहार न करण्याचा दिवस म्हणून पाळतात. दाल-पकवान, साई भाजी, कोकी, सिंधी कढी ह्याबद्दल मी इथे लिहायला बसले तर बाकीचं राहील. एवढंच सांगते की आमच्या कढीत दही नसतं, बेसन भाजून चिंचेचं पाणी घालतात, त्यामुळे "कढी फाटली का" असं विचारू नका.

तुमच्या मुलांना सिंधी येतं का?

नाही. म्हणजे माझ्या मुलाला दहा-बारा वाक्यं येतात. ह्या प्रश्नाचं उत्तर देताना मला त्रास होतो.

खरं तर मराठी माणसाला सिंधी सोपी जाईल. आपल्या दोन्ही भाषांत "आहे" आहे! "मुंहिंजो नालो … आहे" म्हणजे माझं नाव … आहे. "हीउ छा आहे?" म्हणजे हे काय आहे. आईनं लग्नानंतर सहा महिन्यांत सिंधी उचलली ती ह्याच दोरीला धरून. अवघड जातात ते ग, ज, ड, ब चे आत ओढून काढायचे आवाज, ते आईला चाळीस वर्षांत नाही जमले, दादी तिला करून दाखवायची आणि दोघी हसायच्या.

पण शाळा नाहीत, आणि लिपीचं भांडण आहे. १८५३ मध्ये इंग्रजांनी अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी ठरवली, त्याआधी व्यापारी हटवाणकी, खुदाबादी वगैरेत लिहायचे. भारतात आल्यावर अर्धे म्हणाले देवनागरी घ्या, मुलं टिकतील, अर्धे म्हणाले अरबी सोडली तर अख्खं साहित्य तुटेल. दोघांचंही बरोबर होतं. दोन्ही लिप्या मान्य झाल्या आणि मुलं इंग्रजी माध्यमात गेली. १० एप्रिल १९६७ ला सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, म्हणून तो दिवस सिंधी भाषा दिन. २०११ च्या जनगणनेत साधारण २७ लाख ७२ हजार लोकांनी मातृभाषा सिंधी सांगितली, त्यातही कच्छी धरलेली आहे. दादीच्या हातच्या पाककृतींची वही माझ्याकडे आहे, अरबी लिपीत, आणि ती घरात कुणालाच वाचता येत नाही. मी आता ऑनलाइन क्लास लावलाय, अलिफ-बे पासून.

"निर्वासित" म्हटलेलं चालतं का?

जुन्या लोकांसमोर नका म्हणू. त्यांना शरणार्थी शब्दही टोचायचा, ते म्हणायचे आम्ही पुरुषार्थी, कुणाच्या दारात हात पसरला नाही. सरकारनं १९५४ चा कायदा करून मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई दिली पण कागद दाखवायला लागायचे, आणि पळताना कागद कोण आणतं.

आणि साप आणि सिंधी एकत्र दिसले तर आधी कुणाला मारायचं, ती म्हण. मला शाळेत बाईंच्या समोर एका मुलानं ऐकवली होती, वर्ग हसला, बाईही हसल्या. मी दहा वर्षांची होते. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, नुसते डबा घेऊन आत गेले. ही म्हण वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या जातींबद्दल फिरवलेली आहे, सगळीकडे तिचं काम एकच, एका अख्ख्या समाजाला अप्रामाणिक ठरवणं. तसंच उल्हासनगर म्हणजे डुप्लिकेट माल. नकली माल बनवणारे तिथे होते, आहेत, पण दिवसाला चौदा तास जीन्सच्या मशिनवर बसणारी, पापड लाटणारी, फर्निचरला पॉलिश मारणारी माणसं कितीतरी जास्त, आणि त्यांच्यात सिंध्यांबरोबर मराठी आणि उत्तरेकडचे कामगार पण आहेत.

सगळे सिंधी श्रीमंत असतात का? परदेशात एवढे कसे?

कॅम्पात एकदा फिरून या, उत्तर मिळेल. परदेशातलं मात्र फाळणीच्या खूप आधीचं आहे. हैदराबादचे भाईबंद १८६० च्या सुमारापासून सिंधी कलाकुसरीचा माल, म्हणजे सिंध वर्क, घेऊन बोटीनं जगभर जायला लागले, म्हणून त्यांना सिंधवर्की म्हणतात. कोबे, हाँगकाँग, मनिला, जिब्राल्टर, माल्टा, पनामा. शिकारपूरचे सावकार त्याच्याही आधी कंदाहार-बुखाऱ्यापर्यंत हुंड्या वटवायचे. बायका घरी, नवरे दोन-अडीच वर्षं परदेशी, ह्या बायकांबद्दल कुणीच फार लिहीत नाही.

सिंधमध्ये अजून हिंदू आहेत?

आहेत, लाखोंनी. पाकिस्तानातले बहुतेक हिंदू सिंधमध्येच राहतात, उमरकोट, थरपारकर, मीरपूरखास ह्या भागात जास्त, आणि त्यात मोठा वाटा दलित-आदिवासी शेतमजुरांचा. जबरदस्तीनं धर्मांतर आणि मुली पळवण्याच्या भीतीनं अजून कुटुंबं इकडे येतात. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना नागरिकत्वाची वाट मिळाली, नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. त्या कायद्यातून मुसलमानांना वगळलं ह्यावर माझा आक्षेप आहे, आणि वीस वर्षं व्हिसा वाढवत बसलेल्या माणसाला कागद मिळाला ह्याचा आनंदही आहे.

सिंधी मुसलमान हेही सिंधीच, हे विसरू नका. भाषा, शाह लतीफ, अजरक म्हणजे ठशांची ती शाल, सगळं त्यांनीच तिथे सांभाळलंय.

राष्ट्रगीतातला "सिंध" काढावा असं म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?

२००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मागणी फेटाळली. राष्ट्रगीत म्हणजे नकाशा नाही, सिंध हे नदीचं आणि लोकांचं नाव आहे. शाळेत प्रार्थनेला तो शब्द आला की मी थोडा मोठ्यानं म्हणायचे. मुलगा पण म्हणतो, मी त्याला सांगितलेलं नाही.

चेटीचंडच्या मिरवणुकीत आम्ही आलो तर चालेल?

या ना. आमंत्रण लागत नाही, सिंधी कॉलनी असलेल्या जवळपास प्रत्येक गावात निघते. डोक्यावर रुमाल ठेवा, ज्योतीला हात जोडा, चिमूटभर तांदूळ-साखर हातावर देतील ती पाण्यात टाकायची. आता बऱ्याच ठिकाणी नदीची अवस्था बघवत नाही म्हणून विहिरीवर नाहीतर मोठ्या पिंपात करतात, तरी चालतं. नंतर ताहिरी, म्हणजे गोड भात, आणि चणे मिळतील, नाही म्हणू नका. मिरवणुकीत कुणीतरी ओरडेल, "आयो लाल, सभई चओ", म्हणजे लाल आले, सगळे म्हणा, तेव्हा सगळ्यांबरोबर "झूलेलाल" म्हणायचं.